चौऱ्याहत्तर शतांश

जुलै २०२१च्या सुरुवातीला रोममध्ये युरोपीय ज्युनियर जलतरण स्पर्धा झाली. बुखारेस्टच्या डेव्हिड पोपोविची नावाच्या सोळा वर्षांच्या मुलानं तिथं १०० मीटर फ्रीस्टाइल ४७.३० सेकंदांत पोहून काढली. ज्युनियर गटाचा हा जागतिक विक्रम होताच, पण त्याहून मोठी गोष्ट अशी की त्या वर्षात तोवर जगातला एकही प्रौढ पुरुष एवढ्या वेगानं पोहला नव्हता. जेमतेम तीन आठवड्यांनी, २९ जुलैला, तोच मुलगा टोकियोत ऑलिंपिकच्या अंतिम शर्यतीसाठी ब्लॉकवर उभा राहिला. वेळ आली ४८.०४ सेकंद. आठ जणांत सातवा.

त्या शर्यतीचं कांस्यपदक ४७.४४ सेकंदांना गेलं. म्हणजे रोममधली आपली वेळ त्यानं टोकियोत नुसती पुन्हा दिली असती, तरी सोळाव्या वर्षी ऑलिंपिक पदक गळ्यात पडलं असतं. मुलगा तोच, प्रशिक्षक तेच, अंतर तेच. फरक ७४ शतांश सेकंदांचा, पाण्यात मोजला तर साधारण दीड मीटरचा. ज्युनियरमधून सीनियरमध्ये जाणं म्हणजे नेमकं काय, हे समजून घ्यायचं तर या दीड मीटरात काय काय दडलेलं असतं ते पाहावं लागतं.

सगळ्यात आधी फेऱ्या. ऑलिंपिकमध्ये शंभर आणि दोनशे मीटरच्या प्रत्येक शर्यतीला तीन पायऱ्या असतात. हीटमधून सोळा जण उपान्त्य फेरीत, त्यातून आठ जण अंतिम फेरीत. पोपोविची टोकियोत आधी २०० मीटर पोहला, मग १००. २५ जुलैला २०० मीटरची हीट, २६ला उपान्त्य फेरी, २७ला सकाळी अंतिम फेरी आणि त्याच संध्याकाळी १०० मीटरची हीट. २८ला उपान्त्य फेरी, २९ला अंतिम. पाच दिवसांत सहा शर्यती, आणि त्यातली एकही अशी नव्हती की जिच्यात हात सैल सोडून चाललं असतं. त्यात टोकियोमध्ये अमेरिकेतल्या टीव्हीच्या वेळा सांभाळण्यासाठी हीट संध्याकाळी आणि अंतिम शर्यती सकाळी ठेवलेल्या. पोहणाऱ्याचं अंग सकाळी जड असतं, हे पहाटे साडेपाचला तलावावर जाणाऱ्या कुणालाही सांगावं लागत नाही.

ज्युनियर स्पर्धेत गुणवान मुलगा हीट कशी पोहतो ते आठवून पाहा. पहिले पन्नास मीटर जोरात, टर्न घेतल्यावर डावीउजवीकडे एक नजर, कुणी जवळपास नाही असं दिसलं की शेवटचे वीस मीटर नुसतं सरकत यायचं. खरा जोर फायनलसाठी राखून ठेवायचा. वर्षानुवर्षं असंच पोहल्यावर शरीराला एक सवय लागते: स्पर्धेत जीव तोडून एकदाच पोहायचं असतं. सीनियर आंतरराष्ट्रीय स्पर्धेत हीटमध्येच स्वतःच्या सर्वोत्तम वेळेच्या अगदी जवळ जावं लागतं, नाहीतर त्याच दिवशी सामान बांधायचं. मग काही तासांनी पुन्हा तेच, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मधल्या काळात स्नायूंमधला थकवा कसा उतरवायचा, सराव-तलावात किती वेळ संथ पोहायचं, किती खायचं, किती झोपायचं, फोन कधी बंद करायचा, या सगळ्याचं वेगळं शिक्षण लागतं. वेगाचं शिक्षण घेताना ते आपोआप मिळत नाही.

टोकियोतल्या २०० मीटरच्या अंतिम शर्यतीत हा मुलगा चौथा आला होता, हेही नोंदवून ठेवायला हवं. त्याची वेळ १ मिनिट ४४.६८ सेकंद, आणि तिसऱ्या आलेल्या ब्राझीलच्या फर्नांदो शेफरची १ मिनिट ४४.६६. दोन शतांश. हे आकडे लक्षात असू द्या, पुढे ते पुन्हा लागणार आहेत.

आता दुसरी गोष्ट. मला ती जास्त महत्त्वाची वाटते, कारण आपल्याकडच्या तलावांवर तिच्याकडेच सर्वांत कमी लक्ष दिलं जातं. ज्युनियर पोहणाऱ्याचं घड्याळ केवळ त्याचं पोहणं मोजत नाही, त्याची वाढही मोजत असतं.

पाण्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. त्यामुळे वेग थोडा वाढवायचा तरी लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. साध्या हिशेबात, दहा टक्के जास्त वेगानं पोहायला सुमारे तेहतीस टक्के जास्त शक्ती खर्चावी लागते. चौदा-पंधराव्या वर्षी मुलाची उंची भराभर वाढते, हात लांब होतात, पंजे मोठे होतात, छाती रुंदावते, आणि थोड्या काळानं स्नायूंची ताकदही वाढते. ही जादा शक्ती त्याला वय देतं. तंत्रात काही न बदलता टायमिंग दर सहा महिन्यांनी उतरत जातं. प्रशिक्षकाला वाटतं आपला सराव लागू पडतोय, आईवडिलांना वाटतं मुलगा मोठा होणार. दोघांचंही अगदी चूक नसतं. पण त्या सुधारणेत मोठा वाटा हाडांच्या वाढीचा असतो, आणि हाडं वाढायची थांबतात.

ज्याची वाढ बरोबरीच्यांच्या एक-दोन वर्षं आधी होते, त्याचं तर आणखी अवघड. तेराव्या वर्षी तो पंधरा वर्षांच्या अंगानं तेरा वर्षांच्या मुलांशी पोहत असतो. टर्न ढिसाळ असला तरी जिंकतो. भिंतीवरून सुटल्यावर पाण्याखाली डॉल्फिन किक न मारता लगेच वर आला तरी जिंकतो. नियम तर डोकं पंधरा मीटरपर्यंत पाण्याखाली ठेवायची मुभा देतो, आणि सीनियर शर्यतींचा निकाल पुष्कळदा त्या पंधरा मीटरांतच लागतो. पण ज्याला त्यांची कधी गरजच पडली नाही, तो ते कशाला शिकेल? मग अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी बाकीच्यांची अंगं भरतात, उंचीतला फरक मिटतो आणि हा मुलगा जागच्या जागी थांबल्यासारखा दिसतो. खरं तर तो थांबलेला नसतो. त्याला वयाची जी मदत होती तेवढीच थांबलेली असते.

तलावाच्या गॅलरीत मोबाइलवर स्टॉपवॉच लावून बसलेले पालक मी पुष्कळ पाहिले आहेत. मूल भिंतीला हात लावतं, चष्मा वर करतं आणि पाण्यातून आधी गॅलरीकडे बघतं. "टायमिंग किती आलं?" हा एकच प्रश्न. त्यांच्या मायेबद्दल मला शंका नाही, पहाटेची झोप मोडून ती माणसं तिथं बसलेली असतात. पण त्या प्रश्नाच्या बरोबरीनं "भिंतीवरून सुटल्यावर कितव्या मीटरला वर आलास?" किंवा "शेवटच्या पन्नासात किती हात मारलेस?" असंही कुणी विचारत गेलं, तर त्या मुलाची पुढची दहा वर्षं वेगळी होतील, असं मला मनापासून वाटतं.

पोपोविचीकडे परत येऊ. टोकियोनंतर त्याच्यापुढे सोपी वाटणारी वाट होती. सातवा आलास ना, मग आता व्यायामशाळेत जा, वजनं उचल, अंग भर. टोकियोतल्या त्या १०० मीटरच्या अंतिम शर्यतीत त्याच्याबरोबर पोहलेले ड्रेसेल, चाल्मर्स खांद्यांनी भरलेले पुरुष होते आणि हा त्यांच्यामध्ये काठीसारखा सडपातळ. लहानपणापासूनचे त्याचे प्रशिक्षक आद्रियान रादुलेस्कु यांनी ती घाई केली नाही. पाण्यात सपाट आणि उंच राहणारी त्याची शरीराची ठेवण हाच त्याचा खरा ऐवज होता. सडपातळ अंग पाण्याला कमी अडतं. विरोध वर्गानं वाढत असेल, तर ताकद वाढवण्याइतकंच विरोध कमी करणंही मोलाचं ठरतं.

जून २०२२मध्ये बुडापेस्टच्या जागतिक स्पर्धेत त्यानं १०० आणि २०० मीटर फ्रीस्टाइलची दोन्ही सुवर्णपदकं घेतली. एकाच जागतिक स्पर्धेत ही जोडी पुरुषांमध्ये त्याआधी एकदाच कुणी जिंकली होती, १९७३मध्ये, अमेरिकेच्या जिम माँटगोमेरीनं. मग १३ ऑगस्ट २०२२ला रोममध्ये, युरोपीय स्पर्धेत, १०० मीटर ४६.८६ सेकंदांत. जागतिक विक्रम. जुना विक्रम ब्राझीलच्या सेझार सिएलोचा, २००९चा, याच तलावातला, ४६.९१ सेकंदांचा. तो पॉलियुरेथेनच्या पोहण्याच्या पोशाखांचा काळ होता. ते पोशाख शरीराला तरंगायला मदत करत, आणि २०१०पासून त्यांच्यावर बंदी आली. सिएलोचा विक्रम त्यानंतर बारा वर्षं टिकला होता.

या दोन शर्यतींचे अर्धे अर्धे भाग शेजारी ठेवून पाहावेत. सिएलोचे पहिले पन्नास मीटर २२.१७ सेकंदांत, दुसरे २४.७४. पोपोविचीचे पहिले २२.७४, दुसरे २४.१२. म्हणजे टर्नच्या वेळी तो सिएलोच्या अर्ध्या सेकंदाहून अधिक मागे होता, आणि परतीच्या पन्नासात त्याहून अधिक मिळवलं. सतरा वर्षांचा मुलगा शेजारच्या लेनमधल्या लाटांकडे न बघता, घाईनं हात न मारता, मागे राहणं सहन करतो आहे. ज्युनियर शर्यतीत हे शिकायला मिळत नाही, कारण तिथं त्याच्या पुढे कुणी नसायचंच.

पंधरवडा-तीन आठवड्यांत तो पेरूमधल्या लिमा शहरात ज्युनियर जागतिक स्पर्धेत उतरला. जगज्जेता, विश्वविक्रमवीर, आणि पुन्हा मुलांमध्ये. वयानं तो त्याच गटातला होता, हे त्या उन्हाळ्यात सगळे विसरले होते.

पण गोष्ट अशी सरळ वर चढत गेली नाही. जुलै २०२३, फुकुओका. २०० मीटरमध्ये दीडशे मीटरपर्यंत पुढे असलेला पोपोविची शेवटच्या पन्नासात अक्षरशः थिजला. तिघे त्याला मागे टाकून गेले. चौथा, १ मिनिट ४४.९०. १०० मीटरमध्ये सहावा, ४७.८३. दोन वर्षांपूर्वी ज्युनियर म्हणून रोममध्ये दिलेल्या वेळेपेक्षाही अर्धा सेकंद हळू. अठरा वर्षांच्या त्या मुलाच्या अंगावर तोवर नवीन वजन चढलं होतं, पाण्यातला तोल नव्यानं बसवायचा होता. लोकांच्या अपेक्षाही आता वेगळ्या होत्या. आधी तो शिकार करायला येत असे, आता सगळे त्याच्या मागावर होते.

माझ्या मते सीनियर होण्याची खरी वेळ हीच. पहिलं मोठं यश नव्हे, त्यानंतरचं पहिलं अपयश. ज्युनियरमध्ये हरल्यावर "अजून लहान आहेस" असं म्हणणारं कुणीतरी असतं. इथं तसं कुणी म्हणत नाही.

२९ जुलै २०२४. पॅरिस. २०० मीटर फ्रीस्टाइलची अंतिम शर्यत. पोपोविची पहिला: १ मिनिट ४४.७२ सेकंद. ब्रिटनचा मॅथ्यू रिचर्ड्स दुसरा, १ मिनिट ४४.७४. रुमानियाच्या पुरुष जलतरणपटूला मिळालेलं हे पहिलं ऑलिंपिक सुवर्ण. आता वर लक्षात ठेवलेले आकडे काढा. टोकियोत सोळाव्या वर्षी तो चौथा आला तेव्हाची वेळ होती १ मिनिट ४४.६८. पॅरिसमध्ये सुवर्ण मिळालं तेव्हा तो त्याहून चार शतांश हळू पोहला होता! २०२२मध्ये रोमला तर तो १ मिनिट ४२.९७ सेकंदांत पोहून गेला होता. पॅरिसचा तलाव नेहमीच्या मोठ्या तलावांपेक्षा उथळ होता, तिथं सगळ्यांच्याच वेळा मंदावल्या अशी चर्चा झाली, ती विचारात घ्यायला हवी. तरीही तीन वर्षांचं त्याचं सगळं शिक्षण या दोन आकड्यांच्या मध्ये आहे. टोकियोत दोन शतांशांनी पदक गेलं, पॅरिसमध्ये दोन शतांशांनी सुवर्ण आलं. त्या वेगाला दोन शतांश म्हणजे चार सेंटिमीटरही नाहीत. शेवटचा हात भिंतीला कसा लागतो, डोकं उचलायचा मोह आवरतो की नाही, एवढ्यावर ते ठरतं.

सगळेच या क्रमानं जात नाहीत. लिथुएनियाची रुता मेइलुतिते २०१२मध्ये लंडनला १०० मीटर ब्रेस्टस्ट्रोकमध्ये ऑलिंपिक विजेती झाली तेव्हा पंधरा वर्षांची होती. तिला ज्युनियर आणि सीनियर यांच्यामधला उंबरठा भेटलाच नाही. पुढच्या वर्षी, २०१३मध्ये, तिनं बार्सिलोनाला जागतिक विक्रम केला आणि महिन्याभरात दुबईला ज्युनियर जागतिक स्पर्धेतही पोहली. रिओत २०१६ला ती सातवी आली. उत्तेजक चाचणीसाठी आपला ठावठिकाणा वेळोवेळी कळवायचा असतो. त्यात तीनदा चूक झाली. २०१९मध्ये, बाविसाव्या वर्षी, ती निवृत्त झाली आणि त्या चुकांमुळे दोन वर्षांची बंदीही आली. मधल्या काळातल्या नैराश्याबद्दल ती स्वतः मोकळेपणानं बोलली आहे. मग ती परतली. २०२२ला बुडापेस्टमध्ये ५० मीटर ब्रेस्टस्ट्रोकचं सुवर्ण, २०२३ला फुकुओकात ५० आणि १०० दोन्ही, आणि ५० मीटरला २९.१६ सेकंदांचा जागतिक विक्रम. पंधराव्या वर्षी जे मिळालं होतं ते तिला सव्विसाव्या वर्षी पुन्हा मिळवावं लागलं, आणि या वेळी प्रौढ बाई म्हणून. मुलींचं शरीर मुलांच्या आधी वाढतं, त्यामुळे त्यांना यश लवकर मिळतं आणि प्रौढ अंगाशी जुळवून घेण्याचा काळही लवकर येतो. त्या काळात वेळा अडल्या की मुलीच्या वजनावर बोट ठेवणारे लोक असतात. अशा बोलण्यानं किती मुली पाण्याबाहेर गेल्या असतील, हा विचार मला अस्वस्थ करतो.

आता कोल्हापूर.

तिथला जलतरणपटू वीरधवल खाडे २९ ऑगस्ट १९९१चा. बीजिंग ऑलिंपिकला, ऑगस्ट २००८मध्ये, तो ५०, १०० आणि २०० मीटर फ्रीस्टाइल पोहला तेव्हा त्याचा सतरावा वाढदिवस यायचा होता. १०० मीटरच्या आपल्या हीटमध्ये तो पहिला आला, ५०.०७ सेकंदांत. पहिला येऊनही पुढच्या फेरीत जागा नव्हती. ऑलिंपिकमध्ये हीटची मांडणी प्रवेशाच्या वेळांनुसार होते, सर्वांत वेगवान मंडळी शेवटच्या हीट्समध्ये असतात, आणि सोळा जण एकूण वेळांवरून निवडले जातात. मुलाला शाळेपासून शिकवलेलं असतं की पहिला आलास की झालं. तो धडा इथं एका शर्यतीत पुसला जातो. दोन महिन्यांनी पुण्याला बालेवाडीत राष्ट्रकुल युवा क्रीडा स्पर्धा झाल्या. तिथं हाच मुलगा सुवर्णपदकं घेऊन गेला. बीजिंग आणि बालेवाडी, ऑगस्ट आणि ऑक्टोबर. एकाच मुलाच्या एकाच वर्षात ही दोन जगं होती.

नोव्हेंबर २०१०मध्ये ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत त्यानं ५० मीटर बटरफ्लायचं कांस्य मिळवलं, २४.३१ सेकंदांत. १९८६ला सोलमध्ये खजान सिंग यांनी २०० मीटर बटरफ्लायचं रौप्य मिळवलं होतं. त्यानंतर चोवीस वर्षांनी भारताला आशियाई स्पर्धेत जलतरणाचं पदक मिळालं, आणि ते एका एकोणीस वर्षांच्या कोल्हापूरकरानं आणलं. बंगळुरूला निहार अमीन यांच्या हाताखाली तो घडला होता. २०११ला अर्जुन पुरस्कार मिळाला. महाराष्ट्र शासनानं त्याला तहसीलदार म्हणून नेमलं.

ही नेमणूक सन्मानाची होती आणि घर चालवायला ती हवीच होती. मी तिला दोष देत नाही. पण पोपोविचीसारख्यांची एकोणीस ते बावीस ही वर्षं दिवसातून दोनदा तलावात जातात, तर आपल्याकडे त्याच वयात पोहणारा मुलगा पदवी, भरती आणि फाइली यांच्या मध्ये उभा असतो. दहावी-बारावीच्या परीक्षांनी गळती सुरू होते, आणि त्यातून तरलेल्याला नोकरी उचलून नेते. सीनियर पातळीवर जो पाच-सहा वर्षांचा काळ शरीर आणि तंत्र यांची नव्यानं गाठ घालण्यात जायला हवा, नेमका तोच आपल्याकडे कोरडा जातो. वीरधवलही काही वर्षं स्पर्धेपासून दूर राहिला. मग रजा काढून तो पुन्हा पाण्यात उतरला.

५० मीटर फ्रीस्टाइलचा राष्ट्रीय विक्रम त्याच्याच नावावर होता, २२.५२ सेकंदांचा. २००९मध्ये तो झाला होता, आणि तोही आशियाई वयोगट स्पर्धेत. म्हणजे एका किशोरानं मुलांच्या स्पर्धेत केलेली वेळ देशातल्या एकाही प्रौढ पुरुषाला नऊ वर्षं मोडता आली नाही. ऑगस्ट २०१८मध्ये जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत ती अखेर मोडली. मोडणारा वीरधवलच होता, सत्तावीस वर्षांचा व्हायला काही दिवस उरलेला. सकाळच्या हीटमध्ये २२.४३ सेकंद.

संध्याकाळी अंतिम शर्यत झाली. जपानच्या शुनिची नाकाओला २२.४६ सेकंदांत कांस्य मिळालं. वीरधवल चौथा आला, २२.४७ सेकंदांत. एक शतांश, म्हणजे पाण्यात जेमतेम दोन सेंटिमीटर, बोटाच्या एका पेराएवढं अंतर. सकाळी त्याच तलावात तो त्या पदकाहून तीन शतांश आधी भिंतीला लागला होता.